पाठमोरा भागोजी

आमच्या वाडीच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा शौकीन म्हणजे भागोजीदादा, आणि त्याने आमचा खेळ जवळजवळ कधीच पाहिला नाही. म्हणजे तो सामन्याला नसायचा असं नाही. सगळ्यांच्या आधी तोच यायचा. बांधावर आंब्याच्या खोडाला लागून त्याची जागा ठरलेली. तिथे उभा राहायचा, डोक्याची टोपी काढून कमरेला खोचायचा, आणि शिट्टी वाजली की मैदानाकडे पाठ करून डोंगराकडे तोंड करायचा. ते थेट खेळ संपेपर्यंत. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी एखादी मोटार वरच्या रस्त्याने गेली की आतली माणसं खिडकीतून बोटं दाखवायची. एवढा मोठा जमाव एकीकडे बघतोय आणि हा एकटा गृहस्थ उलटा उभा राहून डोंगराला शिव्या का घालतोय, हे त्यांना महाबळेश्वर येईपर्यंत कळत नसणार.

आणि आवाज! "हाण रेऽऽ" म्हणून भागोजीदादा ओरडला की कशेडीच्या घाटात ट्रकवाले बाजू द्यायचे. त्यांना वाटायचं मागून हॉर्न आला. हे मला एका ट्रकवाल्यानेच सांगितलेलं आहे. तो आता हयात नाही, नाहीतर तुमची गाठ घालून दिली असती.

फुटबॉल आमच्याकडे आला मुंबईच्या गोदीतून. मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र झाला, त्याच्या आगेमागेची गोष्ट. वाडीतले निम्मे पुरुष तेव्हाही मुंबईतच असायचे आणि शिमग्याला घरी यायचे. त्याआधी शिमग्याला आम्ही हुतूतू खेळायचो. एका साली गोदीतल्या मंडळींनी कातडी बॉल आणला आणि हुतूतू बंद पडला. पोलादपूरच्या स्टँडजवळ माझं सायकलचं दुकान होतं, म्हणजे आख्ख्या पंचक्रोशीत हवा भरायचा पंप माझ्याकडेच. त्या पंपाच्या जोरावर मी संघाचा चिटणीस झालो. खेळता मला कधी आलं नाही, पण हवा कोणाकडे आहे ह्याला महत्त्व असतं.

मैदान म्हणजे भात कापून मोकळी झालेली दोन खाचरं, एक वर आणि एक खाली. मधला बांध आम्ही खणून काढला होता, पण उतार कुठे जाणार? वरच्या अंगाचा संघ लाथ मारायचा आणि बाकीचं काम उतार करायचा. खालच्या गोलात गेलेला बॉल थेट सावित्रीच्या डोहात. जाळी नव्हतीच, नदी हीच जाळी. अनवाणी पायांना भाताची सडं टोचायची, त्यामुळे आमची माणसं धावायची कमी आणि उडायची जास्त. बाहेरगावचे लोक म्हणायचे, काय पळतात हो हे!

पहिला सामना बिरवाडीशी. भागोजीदादा तेव्हा सगळ्यांसारखाच मैदानाकडे तोंड करून उभा होता. आमच्यावर पटापट तीन गोल झाले. भागोजीदादाने वैतागून बिडी काढली आणि वारा आडवा येतो म्हणून डोंगराकडे वळून काडी ओढली. तेवढ्यात आमचा गोल झाला. तो गर्रकन फिरला, तर आमच्यावर चौथा. पुन्हा बिडी विझली, पुन्हा तो वळला, पुन्हा आमचा गोल. आता आमची वाडी अडाणी असेल, पण आंधळी नव्हती. कोणीतरी म्हणालं, "भागोजीदादा, बिडी इझली बघ तुजी."

"नाय रे, पेटलीय."

"इझली म्हनतो ना! पेटव परत."

त्या दिवशी भागोजीदादाला अख्खं बंडल ओढायला लावलं. सामना आम्ही जिंकलो आणि तो घरी जाऊन ओकला.

पुढच्या सामन्याला लोकांनी त्याला थेट खांदे धरूनच उलटा उभा केला. तो चिडला. "ह्यो काय येडेपणा? मानसाच्या पाठीनं कवा गोल झाल्यात? देवाला इचारा. देव काय येडा नाय तुमच्यावानी." इथेच बिचारा फसला. आमच्याकडे एकदा देवाला विचारलं की मग माणसाच्या हातात काही उरत नाही.

भैरीच्या देवळात कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा भैरी, भागोजीनं पाठ क्येली तर गावाला यश हाय काय?" आणि शेवटचा शब्द तोंडातून निघायच्या आत उजवी पाकळी टप्पकन पडली. गुरवाचा पुतण्या आमचा सेंटर फॉरवर्ड होता, पण त्याचा इथे काही संबंध नाही. देव तो देव.

भागोजीदादा पाकळीकडे बघत राहिला. मग हात जोडून म्हणाला, "बरा तर. आपून खुंट्याचं बैल. दावं लांब हाय ह्येच नशीब."

पण दावंही लांब नव्हतं. तापाने फणफणलेला असला तरी त्याला घोंगडीत गुंडाळून आणून बांधावर उभा करायचे. एकदा तर मेहुण्याच्या हळदीतून उचलून आणला. तोंडभर हळद, मुंडावळ्या तेवढ्या नव्हत्या. डोंगराकडे तोंड करून असा ओरडत होता की डोंगराशीच लग्न लावून घेतो की काय असं वाटलं. आम्ही जिंकलो की लोक देवळात नारळ फोडायचे. हरलो की विचारायचे, "खरा सांग भागोजी, मान वळवलीस काय?" यश देवाचं आणि अपयश भागोजीच्या मानेचं, अशी वाटणी झाली होती. चिडून तो कधी घरी गेला नाही. जाणार तरी कसा? फुटबॉलवाचून त्याला करमत नव्हतं आणि गावावाचून जगता येत नव्हतं.

त्याच्या शेजारी उभं राहून खेळ सांगायचं काम माझ्याकडे आलं. "तू सांग रे वासू. माज्या पाठीचं डोळं तू." आता मला तुम्ही ओळखताच. मैदानात आमची माणसं एकमेकांच्या पायांत पाय घालून पडलेली असायची आणि मी सांगायचो, "गुरवाचा पुतण्या सात जणांना चकवून निघाला, दादा! आठव्याला त्याने खांद्यावरून उडी मारली!" भागोजीदादाच्या मानेवरचे केस उभे राहायचे. "मंग? मंग?" तो असा काही "मंग" म्हणायचा की आठव्यानंतर नववा यायचाच. आमच्या वाडीत जगातला सगळ्यात सुंदर फुटबॉल खेळला गेला, आणि तो त्या बांधावर, आम्हा दोघांच्या मधल्या हातभर जागेत खेळला गेला.

सुटकेची खटपट त्याने केली नाही असं नाही. एका शिमग्याला महाडच्या बाजारातून हातभर आरसा आणला आणि सुतळीने आंब्याला टांगला. पाठ मैदानाकडेच, नियम मोडला नाही, आणि आरशात सगळं मैदान. पण उन्हाची तिरीप आरशावरून उलटली ती नेमकी आमच्याच फुलबॅकच्या डोळ्यांत. त्याने डोळे मिटून लाथ मारली आणि बॉल आमच्याच गोलात! गाव धावून आलं. गुरव म्हणाला, "आरशाचा देवाला इचारलेला नाय." आरसा जप्त झाला. पुढे कितीतरी वर्षं गुरवाच्या घरची दाढी त्याच आरशात व्हायची.

मग त्याचा सहदेव खेळायला लागला आणि खरी कोंडी झाली. सहदेव हा भागोजीदादाचा एकुलता एक. मुंबईत गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. शिमग्याला यायचा आणि आमच्या गोलात उभा राहायचा. उंच, हाडकुळा, दोन्ही हात पसरले की गोल भरून जायचा. बापाच्या पाठीमागे, चाळीसएक पावलांवर, पोरगा झेपा घेतोय आणि बाप डोंगराकडे बघत विचारतोय, "अडवला काय रे? सहदेवनं अडवला?"

"अडवला! बिबट्यासारखा!"

"लागला बिगला नाय ना?"

त्या साली भागोजीदादाने उपास धरला आणि पुन्हा कौल लावायला लावला. प्रश्न एवढाच, "पोराचा खेळ बगाया भागोजीला मोकळा करतोस काय?" पाकळ्या लावल्या. डावीही पडेना, उजवीही पडेना. दुपार झाली. मी गुरवाची पाठ वळलेली बघून हळूच फुंकर मारली, उजव्या बाजूला, अर्थात. पंप आणायला हवा होता असं मनात आलं. पाकळ्या वाळून मूर्तीला चिकटल्या त्या चिकटल्याच. गुरव म्हणाला, "देव बोलत नाय म्हंजी पयला बोल कायम." भागोजीदादा देवळाच्या पायरीवर बसून शेंगदाणे खात मला म्हणाला, "नाय म्हनला आसता तर भांडलो आसतो रे. गप ऱ्हायला. गप मानसाशी भांडता येत नाय, देवाशी कसा भांडू?"

अशी वर्षं गेली. मग भागोजीदादाच्या छातीत कफ धरला तो सुटेना. "हाण रे" मधला शेवटचा "रे" निघायचा बंद झाला. जनावहिनी, म्हणजे त्याची बायको, त्याला महाडच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि परत आली ती कोणाशी बोलेना.

शिमगा आला. पोलादपूरशी सामना, बक्षीस एक बोकड. बोकड बांधाला बांधलेला होता, काळाभोर, वासराएवढा. वासराएवढा म्हणजे वासरू थोडं लहान धरा. सकाळपासून आमच्या वाडीत मसाला वाटून तयार. एकास एक गोल झाले आणि थोडा वेळ उरला. भागोजीदादा खोडाला टेकून उभा, टोपी कमरेला, तोंड डोंगराकडे. मी सांगत होतो, तो नुसती मान हलवत होता.

तेवढ्यात जनावहिनी आली. बायका एरवी वरच्या बांधावर बसायच्या. ही मैदानातून आली, खेळ चालू असताना, सरळ मधून. पंचाने शिट्टी फुंकली, तिच्याकडे बघितलं आणि शिट्टी खिशात ठेवली. ती गुरवासमोर येऊन उभी राहिली.

"गुरवमामा, देवानं ह्यांना पाठ करा सांगितला. कवापातुर करा, त्या इचारलात काय?"

गुरव गडबडला. "नाय गो. त्या... त्या नाय इचारला."

"इतकी वरसा नाय इचारला? मंग आता माज्याकडना आयका. डागतर म्हनतो ह्यो मानूस पावसाला दिसनार नाय. त्येचा पोर तितं गोलात उभा ऱ्हातो, नि बापानं त्येला खेळताना एक डाव बघितला नाय!"

सहदेवही ऐकत होता. त्याला आजाराचं कोणी सांगितलंच नव्हतं.

भागोजीदादा डोंगराकडे बघतच म्हणाला, "घरी जा गो. गाव हाय हितं."

"गावाला बोकड पायजे. मला काय नको. फिरा!"

तिने त्याचे खांदे धरले. आमच्या सगळ्यांसारखेच धरले, फक्त उलट्या बाजूने. पण तो फिरेना. पाय रोवून उभा. "नको गो. हारलो तर माज्या डोक्यावर. बोकड जाईल गावाचा." ती ओढते आहे आणि तो आंब्याच्या खोडाला गच्च धरून उभा आहे. इतकी वर्षं ज्याची सुटका होत नव्हती, तो सुटायला तयार नव्हता.

शेवटी गुरव पुढे झाला. त्याने भागोजीदादाचा खोडावरचा हात एकेक बोट करून सोडवला. "फिर रे बाबा. देवाचा मी बगून घेतो."

भागोजीदादा फिरला. पण डोळे गच्च मिटलेले.

"वासू," तो म्हणाला, "उगडू?"

"उघड, दादा."

त्याने उघडले. खेळ सुरू झाला. कोणाचंच लक्ष खेळात नव्हतं, पण पोलादपूरवाल्यांचं होतं. त्यांच्यातल्या एकाने लांबून बॉल मारला. मारला कसला, ढकलला. लेंडी घरंगळावी तसा तो यायला लागला. वरच्या अंगाने येत होता, उतार होता, तरी सहदेवने एरवी तो पायाच्या अंगठ्याने थांबवला असता. पण सहदेव बॉलकडे बघतच नव्हता. तो बापाच्या तोंडाकडे बघत होता. मैदानातून त्याने ते तोंड कधी पाहिलंच नव्हतं, पाठ तेवढी पाहिली होती. आणि बाप पोराकडे बघत होता. बॉल सहदेवच्या दोन पायांमधून गेला, उतारावरून गेला, आणि डोहात पडल्याचा आवाज आला.

भागोजीदादाने पापणी हलवली नाही. "पोरगा वाळलाय रे वासू," तो म्हणाला. "खानावळीचा खातोय." मग चौफेर शांतता त्याच्या कानांवर आली आणि जुन्या सवयीने, मैदानाकडे सरळ तोंड असतानाही, त्याने विचारलं, "काय झाला? काय झाला रे?"

मी म्हणालो, "अडवला."

सगळ्या वाडीने माझ्याकडे बघितलं. एकदा बोकडाकडे बघितलं. मग गुरवाने दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "अडवलाऽऽ!" मागोमाग अख्खी वाडी ओरडली. पोलादपूरवाले जिंकले म्हणून नाचत होते, आम्ही हरलो ते नाचत होतो, आणि पंच शिट्टी शोधत होता. सहदेवने एकदा डोहाकडे बघितलं, एकदा बापाकडे, आणि त्यानेही हात वर केले. जनावहिनी नवऱ्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. लवकर नेला ते बरं झालं, कारण नंतर पोलादपूरवाल्यांनी बोकड सोडून नेला.

तिथून आम्ही सगळे अडकलो. जिंकलो म्हणजे मटण झालं पाहिजे. भागोजीदादा आता अंथरुणाला खिळला होता आणि जो येईल त्याला विचारायचा, "रस्सा कसा व्हता?" एक जण म्हणाला तिखटजाळ, दुसरा म्हणाला मीठ कमी पडलं. गुरव म्हणाला, "हाडाचा वाटा माज्याकडं आला, तुज्या नशिबाचा मातुर डागतरनं बंद क्येला." वाटलेला मसाला घरोघर डाळीत गेला होता आणि बाहेर येऊन लोक त्या न झालेल्या मटणाचं वर्णन करत होते. मी तर एकदा कलेजीचा विषय काढून रंगलो, तो जनावहिनीने दारातून डोळे वटारले.

सहदेवची रजा संपली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबाला कळू देऊ नका हां. गोल गेला ह्ये." तो मुंबईला गेला.

चैत्र सरता सरता एका संध्याकाळी भागोजीदादाने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "वासू, सगळ्या गावानं रस्सा खाल्ला, नि बोकड माज्या घरावरना वरडत पोलादपूरला गेला. ह्यो कसा काय जमला रे तुमाला?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. तिन्ही चांगली होती. एकही बाहेर पडलं नाही.

तो हसला, हसताना खोकला, खोकून झाल्यावर म्हणाला, "नको सांगू. सहदेवला मातुर सांग. मी बगितला त्येला. वाळलाय."

दोन दिवसांनी गेला. उन्हाळ्याचे दिवस, थांबता येणार नव्हतं. गावाने खांदा दिला आणि सावित्रीच्या काठी सगळं आटोपलं. तार मिळून सहदेव आला तोपर्यंत राखसुद्धा निवली होती.

एसटीतून उतरला तो समोर मीच, दुकानात. हातात पिशवी, अंगावर गिरणीतून निघाला तोच शर्ट. तो दुकानाच्या फळीला धरून उभा राहिला.

"काका, बाबा काय बोलला?"

"तुला बघितलं म्हणाला."

"आनि गोल?"

"गोलाचं काही बोलला नाही."

"खरं सांगताय ना, काका? तुमचं काय सांगता येत नाय."

"खरं. तुला बघितलं म्हणाला, आणि वाळलायस म्हणाला. एवढंच."

"वाळलोय व्हय मी?" असं म्हणून सहदेवने शर्टाची बाही वर केली, आपलाच दंड मुठीत धरून पाहिला, आणि तिथेच, पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्याशेजारी खाली बसून मोठमोठ्याने रडायला लागला.